तुळशीचा ओझोन कुठून आला?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. सातवीतल्या एका मुलीने तुळशीवर प्रकल्प केला होता. मातीचे छोटे वृंदावन, त्यात हिरवीगार तुळस आणि मागे एक तक्ता. तक्त्यावर चार विधाने होती. तुळस चोवीस तास प्राणवायू सोडते. तुळस ओझोन वायू सोडते. तुळशीमुळे डास पळतात. तुळशीच्या काढ्याने खोकल्याला आराम पडतो. खाली लाल शाईने लिहिले होते, ‘हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.’

माझे काम वनस्पतींतल्या सुगंधी द्रव्यांवरच आहे. त्यामुळे तक्ता वाचताच माझे परीक्षण जणू संपले. पहिली तीन विधाने चूक आहेत असे मी तिथल्या तिथे सांगितले, गुण मांडले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मागून प्रश्न आला, ‘‘मॅडम, मग हे पहिल्यांदा कुणी सांगितलं? आणि त्याला कसं कळलं?’’

मला उत्तर देता आले नाही. वेळ कमी होता ही सबब होती. खरे कारण म्हणजे मला ते माहीतच नव्हते. ती तुळस तिने स्वतः बी पेरून वाढवली होती, हे मला नंतर तिच्या बाईंकडून कळले. मी तेही विचारले नव्हते.

त्या प्रश्नाने पुढे बरेच दिवस पाठ सोडली नाही. सवड मिळेल तशी जुनी पुस्तके आणि नियतकालिके चाळत गेले. जे हाती लागले ते त्या मुलीला तेव्हाच सांगता आले असते तर बरे झाले असते. आज हाच प्रश्न आपल्यापैकी अनेकांना वर्गात ऐकावा लागतो, म्हणून ते येथे मांडत आहे.

एक झाड, दोन नावे

आधी झाडाची ओळख करून घेऊ. तुळस पुदिन्याच्या कुळातली. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने, ओठांसारखी दुभंगलेली लहान फुले आणि चुरडल्यावर येणारा वास या या कुळाच्या खुणा. पुदिना, सब्जा, पानओवा ही सारी तिची भावंडे. सब्जा तर तिच्याच प्रजातीतला. रानतुळस आणि कापूर तुळस याही त्याच प्रजातीतल्या, पण अंगणातल्या तुळशीहून वेगळ्या जाती आहेत. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतला. ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हे त्याचे नाव. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. या कामात इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्या तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. तुळस या ग्रंथात चित्रासह आली आहे.

पुढे लिनियसने १७५३ साली या झाडाला ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ म्हणजे नाजूक फुलांचे असे नाव दिले. १७६७ साली त्यानेच ‘ऑसिमम सँक्टम’ म्हणजे पवित्र असे दुसरे नाव दिले. दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे नंतर लक्षात आले. नियमाप्रमाणे आधीचे नाव ग्राह्य धरतात. म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकात एक आणि नव्यात दुसरे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये.

आता तक्त्यावरची विधाने एकेक करून पाहू.

पुदिन्याची फांदी

झाडे हवा शुद्ध करतात हे पहिल्यांदा प्रयोगाने दिसले ते तुळशीच्या एका भावंडाच्या मदतीने. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने ऑगस्ट १७७१ मध्ये एका बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि त्या हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. म्हणजे ‘बिघडलेली’ हवा वनस्पतीने सुधारली होती.

पण हा प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा तो कधी जमे, कधी फसे. खुद्द प्रीस्टलीलाही पुढे उलटसुलट निकाल मिळाले. हे कोडे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने सोडवले. १७७९ च्या उन्हाळ्यात त्याने पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि त्याच वर्षी ते पुस्तकरूपाने छापले. त्याचा निष्कर्ष साधा होता. हवा सुधारण्याचे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. रात्री तीच पाने हवा थोडी बिघडवतात. आजच्या भाषेत, प्रकाशसंश्लेषण दिवसा आणि श्वसन दिवसरात्र.

म्हणजे ‘चोवीस तास प्राणवायू’ हे विधान १७७९ सालीच निकालात निघाले होते. तुळस याला अपवाद नाही. कोरफड आणि निवडुंग यांसारख्या काही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडतात हे खरे, पण त्या वेळी त्या कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात. प्राणवायू त्यांच्याकडूनही उजेडातच तयार होतो.

दिवसा तरी तुळस किती प्राणवायू देते? हा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करता येईल. कुंडीतल्या चांगल्या वाढलेल्या तुळशीच्या सर्व पानांचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर धरू. अशा प्रकारच्या झाडांची पाने चांगल्या उन्हात दर चौरस मीटरला दर सेकंदास साधारण १० मायक्रोमोल प्राणवायू सोडतात. आठ तास असे ऊन मिळाले तर सुमारे ०.०२९ मोल, म्हणजे ०.७ लिटर प्राणवायू होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला ३६० लिटर प्राणवायू लागतो. भागाकार केला तर एका माणसासाठी पाचशेच्या वर कुंड्या लागतील. रात्रीचे श्वसन त्यातून अजून वजा केलेलेच नाही. हा ढोबळ अंदाज आहे. दुप्पट किंवा निमपट चुकला तरी मुद्दा बदलत नाही.

ओझोनची हवा

ओझोनची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण येथे चूक करणारा एक नामवंत प्राध्यापक होता.

ओझोन या नावाचा जन्म १८४० सालचा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे क्रिस्टियान शनबाइन याला विजेच्या प्रयोगांत एक उग्र वास येई. तो वास एका वेगळ्याच पदार्थाचा आहे हे त्याने ओळखले आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ओझोन म्हटले. तो ओळखण्यासाठी त्याने एक सोपी कागदपट्टी तयार केली. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला हा कागद ओझोन लागला की निळा होतो. ओझोन आयोडीन मोकळे करतो आणि आयोडीन स्टार्चला निळे करते, हे त्यामागचे कारण.

पट्टी स्वस्त आणि वापरायला सोपी, त्यामुळे युरोपभर लोक हवेतला ओझोन मोजू लागले. रोग दूषित हवेमुळे होतात असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. हिवतापाचे ‘मलेरिया’ हे नावही ‘वाईट हवा’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आले. ओझोन तर घाण जाळून टाकणारा पदार्थ. तेव्हा जिथे ओझोन तिथे आरोग्य असा समज पसरला आणि समुद्रकाठच्या गावांची ‘ओझोनयुक्त हवा’ विकली जाऊ लागली.

या वातावरणात १८७० च्या सुमारास पाओलो मांतेगाझा या इटालियन प्राध्यापकाने जाहीर केले की सुगंधी वनस्पती आणि त्यांची तेले सूर्यप्रकाशात भरपूर ओझोन तयार करतात. त्याच्या यादीत पुदिना होता, लव्हेंडर होते, लिंबू होते. दलदलीच्या प्रदेशातल्या लोकांनी हिवतापापासून बचाव म्हणून घराभोवती सुगंधी झाडे लावावीत, अशी त्याची शिफारस होती. ही बातमी अनेक देशांतल्या नियतकालिकांनी छापली.

चूक कुठे होती? चूक पट्टीत होती. सुगंधी तेले हवेत आणि उन्हात राहिली की त्यांचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन पेरॉक्साइडे तयार होतात, आणि पेरॉक्साइडेही आयोडीन मोकळे करतात. कागद निळा होतो, पण ओझोनमुळे नव्हे. इंग्लंडमधल्या चार्ल्स किंगझेट या रसायनशास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या दशकात टर्पेंटाइनवर काम करून हेच दाखवले आणि १८८० साली ते पुस्तकात मांडले.

आज आपल्याला आणखी माहिती आहे. वातावरणाच्या वरच्या थरात ओझोन तयार होतो तो अतिनील किरणांनी प्राणवायूचे रेणू फुटल्यामुळे. पानाजवळ तेवढी ऊर्जा नसते. जमिनीलगतचा ओझोन हा फुफ्फुसांना अपायकारक असा प्रदूषक आहे. शहरात वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे, हवेतली सेंद्रिय बाष्पे आणि ऊन यांच्यामुळे तो वाढतो. झाडांची बाष्पेही त्यात सामील होऊ शकतात, पण ती काही आरोग्याची गोष्ट नव्हे. शिवाय तुळशीच्या तेलात कॅरियोफायलीन नावाचा एक घटक असतो. ओझोनशी गाठ पडताच तो काही मिनिटांत त्याच्याशी संयोग पावतो. म्हणजे तुळशीच्या वासातला हा भाग ओझोन निर्माण करण्याऐवजी संपवतो.

इटलीतला पुदिना आणि लव्हेंडर यांच्याबद्दलचे हे मत आपल्या तुळशीला नेमके कधी आणि कुणी चिकटवले, त्याचा कागद माझ्याजवळ नाही. पण इतके मात्र निश्चित म्हणता येते: ज्या वायूला १८४० साली नाव मिळाले तो आपल्या जुन्या ग्रंथांत असणे शक्य नाही. तुळशीचा ओझोन हे आजीचे ज्ञान नाही. ती एकोणिसाव्या शतकातली, तिकडच्या प्रयोगशाळेतली आणि तिकडेच दुरुस्त झालेली चूक आहे. चूक इकडे पोचली, दुरुस्ती मागे राहिली.

राणीच्या बागेचे कुंपण

तिसरे विधान डासांचे. त्याचा धागा थेट मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत येऊन पोचतो.

जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावचा. एडिंबरोला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि व्हिक्टोरिया उद्यान व शेजारचे वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. आज हे उद्यान वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने आणि संग्रहालय डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिज पदार्थांची बर्डवुड यांनी केलेली सूची १८६२ सालची आहे. प्रकृतीच्या कारणाने ते १८६८ मध्ये इंग्लंडला परतले.

पुढे १९०३ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा: व्हिक्टोरिया उद्यानाचे काम चालू असताना तिथल्या मजुरांना डासांनी हैराण केले होते. हिंदू व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून उद्यानाच्या हद्दीवर सगळीकडे तुळस लावली. डासांचा उपद्रव लगेच कमी झाला आणि तिथे राहणाऱ्या माळ्यांमधला ताप नाहीसा झाला.

पत्राचे साल ध्यानात घ्या. बाग झाली तेव्हा ताप दूषित हवेमुळे येतो असा समज होता. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले ते १८९७ च्या ऑगस्टमध्ये. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९०२ साली. त्यानंतर साऱ्या जगाचे लक्ष डासांकडे वळले, आणि चाळीस वर्षांपूर्वीची एक आठवण नव्या अर्थाने सांगितली गेली. बर्डवुड खोटे बोलत होते असे मानायचे कारण नाही. पण त्यांच्या पत्रात काही गोष्टी नाहीत. डास मोजले होते का? तुळस न लावलेल्या शेजारच्या जागेत त्याच काळात काय झाले? बागेसाठी सखल जमिनीत भराव घातला असेल, डबकी बुजली असतील, ऋतू बदलला असेल. यातले नेमके कोणते कारण, हे आठवणीवरून ठरत नाही. तुलनेसाठी दुसरी जागा नसली की प्रत्येक उपाय गुणकारी ठरतो.

त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतूनही तसाच दावा आला होता. तिथली वनस्पती म्हणजे आपली रानतुळस. सिएरा लिओनमधले सरकारी डॉक्टर प्राउट यांनी मात्र तो करून पाहायचे ठरवले. त्यांचे निष्कर्ष तीन होते. वाढत असलेल्या झाडांमुळे डास दूर जात नाहीत. ताजी पाने अगदी जवळ ठेवली तरी डासांना काही होत नाही. पाने जाळून केलेल्या धुराने डास गुंगतात आणि शेवटी मरतात, पण त्यासाठी खोलीत इतका धूर लागतो की माणसालाच बसवत नाही.

मुंबईच्या हिवतापाचे खरे उत्तर १९११ च्या एका अहवालात मिळाले. डॉ. बेंटली यांनी शहरभर हिंडून तपासणी केली आणि हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्साय हा डास घरांच्या आवारातल्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतो हे दाखवले. उपाय होता विहिरी झाकण्याचा किंवा बुजवण्याचा. धार्मिक भावना गुंतल्यामुळे अनेकांना तो रुचला नाही. कुंपणाला तुळस लावणे सोपे होते, विहिरीवर झाकण घालणे अवघड.

ही गोष्ट आजही संपलेली नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या थोड्याशा साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालची बशी ही त्याची आवडती जागा. तुळशीच्या कुंडीखालची बशीसुद्धा.

वास पानातच का राहतो?

प्राउट यांना झाडाचा परिणाम का दिसला नाही, हे भिंगातून तुळशीचे पान पाहिले की कळते. पानावर, विशेषतः मागच्या बाजूस, बारीक चमकदार ठिपके दिसतात. या तैलग्रंथी. ग्रंथीच्या पेशी तेल तयार करतात आणि ते पेशी व वरचे पातळ आवरण यांच्यामधल्या पोकळीत साठते. आवरण फुटेपर्यंत फारच थोडे तेल बाहेर येते. म्हणून तुळशीजवळ नुसते उभे राहिले तर वास मंद येतो आणि पान चुरडले की दरवळतो.

झाडाच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची आहे. तेल हवेत उधळण्यासाठी नसून पान कुरतडणाऱ्यासाठी आहे. ताज्या पानांत ते वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. त्यातला महत्त्वाचा घटक म्हणजे युजेनॉल. लवंगेला तिचा वास याच्यामुळेच येतो आणि दाताच्या दवाखान्यातला ओळखीचा वासही याचाच. काही तुळशींत युजेनॉल अधिक असते, काहींत मिथिल युजेनॉल. हिरवी आणि काळी तुळस एकाच जातीच्या. काळीचा जांभळा रंग अँथोसायनिनांचा. तुळशीचा जनुकसंच २०१५ साली लखनौ आणि बंगळूर येथील गटांनी वाचून काढला. ही द्रव्ये झाड कसे तयार करते, हे समजायला त्याचा उपयोग होत आहे.

अंगणात आणि काढ्यात

आता चौथ्या विधानाकडे. मी त्या मुलीच्या तक्त्यावर जे खोडले नव्हते, पण ज्याचे कौतुकही केले नव्हते, ते हे.

तुळशीच्या औषधी उपयोगांवर माणसांत झालेल्या चाचण्यांचा एक आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २४ चाचण्या होत्या. निकाल अनुकूल होते आणि गंभीर दुष्परिणाम नोंदले गेले नव्हते. पण बहुतेक चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या होत्या. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, ‘सिद्ध झाले’ म्हणायला नाही. साध्या सर्दी-खोकल्यात चार-पाच पाने, आले आणि गूळ घालून केलेला गरम काढा घशाला बरा वाटतो, आणि आजीचा दावा तरी तेवढाच असतो. ताप दोन-तीन दिवस राहिला तर रक्त तपासायला हवे. काढ्यावर थांबू नये. गरोदर स्त्रियांनी, तसेच रक्त पातळ होण्याची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रोज अधिक प्रमाणात घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

तुळस लावणे शाळेलाही जमण्यासारखे आहे. मंजिऱ्या वाळून तपकिरी झाल्या की हातावर चोळून बी काढावे. ते फार बारीक असते, म्हणून वाळूत मिसळून पावसाळ्याच्या तोंडाला पेरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. आठ-दहा दिवसांत रोपे दिसू लागतात. चार-सहा पानांवर आली की एकेक करून कुंडीत लावावीत. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. तुळस मरते ती बहुधा पाण्याअभावी नव्हे तर अतिपाण्याने. घरातला प्रत्येक जण श्रद्धेने तांब्याभर पाणी घालतो आणि मुळे कुजतात. कुंडीच्या तळाला भोक असावे, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड डेरेदार होते. शेंडा खुडला की त्याखालच्या पानांच्या बगलेतल्या कळ्या वाढू लागतात, आणि झाडाचा जोर बियांऐवजी पानांकडे जातो. एक-दोन मंजिऱ्या मात्र बियांसाठी आणि मधमाश्यांसाठी ठेवाव्यात. थंडीत पाने गळाली तर घाबरू नये. पाणी कमी करावे आणि थंडी सरल्यावर हलकी छाटणी करावी. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखे होते, तेव्हा नवे रोप तयार असावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

वरच्या इतिहासातले काही प्रयोग आपल्या शाळेत सहज होतात.

इंगेनहाउझचा प्रयोग हायड्रिला या पाणवनस्पतीवर करावा. उन्हात बुडबुडे मोजावेत, मग भांडे काळ्या कापडाने झाकून थोड्या वेळाने पुन्हा मोजावेत.

मांतेगाझाची चूक दाखवायला गाळण कागदावर स्टार्चचे पाणी आणि पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण लावून पट्ट्या कराव्यात. एका पट्टीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब आणि किंचित पांढरे व्हिनेगर टाकावे, दुसरीवर मोरचुदाच्या द्रावणाचा थेंब. दोन्ही गडद होतात. मग मुलांना विचारावे: पट्टी निळी झाली एवढ्यावरून कोणता पदार्थ होता ते सांगता येईल का? मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुवायला विसरू नये.

डासांचा प्रयोग मुलांना चावून घेऊन करायचा नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातल्या दहा ठिकाणचे साचलेले पाणी पाहावे, अळ्या असलेली ठिकाणे नोंदवावीत, ती आठवड्यातून एकदा कोरडी करावीत आणि महिन्याने पुन्हा मोजणी करावी. काही घरे कोरडी न करता तशीच ठेवून तुलना करावी का, हा प्रश्न वर्गात आपोआप निघेल. अळ्या दिसूनही त्या तशाच राहू देणे योग्य नाही. मग तुलना कशाशी करायची? पहिल्या महिन्यातल्या नोंदी त्यासाठी चालतील का, चालल्या तर त्यात कोणती उणीव राहील? मुलांना बोलू द्यावे. बर्डवुड यांच्या पत्रात काय कमी होते ते त्यांना तेव्हा समजेल.

राहता राहिली लाल शाईतली ओळ. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ हे मी त्या दिवशी थेट खोटे ठरवले होते. पण मांतेगाझा प्राध्यापक होता, बर्डवुड डॉक्टर होते, प्रीस्टली तर मोठाच संशोधक. त्यांनी तसे म्हटले होते, आणि इंगेनहाउझ, किंगझेट व प्राउट यांनी ते तपासून पाहिले. त्या मुलीचे दोन प्रश्न, कुणी सांगितले आणि त्याला कसे कळले, हे या तपासणाऱ्यांचेच प्रश्न होते. गुण त्याला द्यायला हवे होते.

तिच्या शाळेला मी नंतर पत्र पाठवले आणि वरची माहिती कळवली. बाईंचे उत्तर आले. मुलगी दहावी होऊन दुसऱ्या गावी गेली होती. तिने लावलेली तुळस वाळली, पण तिच्या बियांपासून आलेली रोपे शाळेच्या अंगणात आहेत आणि त्यांच्या कुंड्यांखालच्या बश्या काढून टाकल्या आहेत, असे बाईंनी लिहिले होते.